ल्युपसमध्ये हातपाय आपोआप हलतात तेव्हा : वाचकांचे प्रश्न

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. तो सांधे, कातडी आणि मूत्रपिंडाला धरतो हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मेंदूला धरला तर कधीकधी हातपाय मनाविरुद्ध हलू लागतात, हे मात्र पुष्कळ घरांत प्रत्यक्ष घडल्यावरच कळतं. या अंकासाठी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली याच विषयावरची पत्रं घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. उत्तरांत औषधांचे आकडे समजण्यापुरते दिले आहेत, त्यावरून आपल्या चिठ्ठीतला डोस कुणी बदलू नये.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. सांधे दुखायचे, गालांवर लाल चट्टे यायचे, म्हणून तपासण्या केल्या आणि मागच्या वर्षी ल्युपस निघाला. तीन आठवड्यांपासून तिचा डावा हात आणि डावा पाय सारखे हलतात. कप हातातून सुटतो, अक्षर बिघडलंय, दिवसभर ओढणी सावरत बसते. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. आता घरातले म्हणतात, परीक्षेच्या टेन्शनमुळे मुद्दाम करते. (एक आई, विजापूर रोड, सोलापूर)

मुलगी मुद्दाम करत नाही, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. तुमच्या पत्रातली ओढणीची ओळ फार महत्त्वाची आहे. हात आपोआप उचलला जातो आणि चारचौघांत वाईट दिसू नये म्हणून ती पोरगी त्याच हालचालीला ओढणी सावरण्याचं रूप देते. बायका पदर सारखा करतात, पुरुष केसांवरून हात फिरवतात. कोरिया या विकाराची ही अगदी ओळखीची खूण आहे. कोरियात हालचाली झटपट, अनियमित आणि एका जागेवरून दुसरीकडे सरकणाऱ्या असतात. आत्ता बोटं, मग खांदा, मग ओठ. ताण आला की वाढतात, गाढ झोपेत थांबतात. शरीराच्या एकाच बाजूला असणं हेही ल्युपसच्या कोरियात बऱ्याचदा दिसतं.

घरी तीन गोष्टी करून पाहा. तिला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगा, बोटं पेटी वाजवल्यासारखी हलतात का बघा. जीभ बाहेर काढून दहा आकडे मोजेपर्यंत तशीच ठेवायला सांगा. कोरियात जीभ मध्येच आत ओढली जाते. मग तुमची दोन बोटं तिच्या मुठीत देऊन एकसारखी दाबून धरायला सांगा. पकड घट्ट-सैल, घट्ट-सैल होत राहते. हे सगळं मोबाइलवर दोन मिनिटं चित्रित करा. त्यात चेहरा, बसणं, चालणं आणि कागदावर नाव लिहिणं येऊ द्या. दवाखान्यात पेशंट अवघडून बसतो आणि हालचाली कमी दिसतात, तेव्हा हा व्हिडिओ उपयोगी पडतो.

एमआरआय नॉर्मल आला म्हणून आजार मनाचा ठरत नाही. हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या बेसल गँग्लिया या मेंदूच्या खोल भागात ल्युपसच्या प्रतिपिंडांमुळे (रक्तातल्या अँटिबॉडींमुळे) पेशींचं काम बिघडतं. काम बिघडलं तरी रचना शाबूत असू शकते, आणि एमआरआय रचना दाखवतो. त्यामुळे ल्युपसच्या कोरियात नॉर्मल एमआरआय वारंवार येतो. तो काढणं वाया गेलं असंही नाही, कारण लहानसा स्ट्रोक, गाठ किंवा संसर्ग नाही एवढं त्याने कळलं. ल्युपसच्या शंभर रुग्णांत साधारण एक ते चार जणांना कोरिया होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने १९९९ साली ल्युपसमधल्या मेंदू आणि मज्जासंस्थेच्या १९ प्रकारच्या त्रासांची यादी ठरवली, तीत हालचालींचा विकार स्वतंत्र नोंदलेला आहे. म्हणजे प्रकार दुर्मीळ असला तरी नवलाचा नाही.

पुढचं पाऊल रक्ताच्या तपासण्यांचं. सगळ्यात आधी साधी साखर बघा. स्टेरॉइडने साखर फार चढली तर तेवढ्यानेही एका बाजूचा कोरिया होऊ शकतो, आणि तो साखर उतरवली की बहुधा ओसरतो. थायरॉइडही बघा. त्यानंतर ल्युपस किती जागा आहे हे दाखवणाऱ्या तपासण्या : डीएसडीएनए, सी३, सी४, सीबीसी आणि लघवीतलं प्रोटीन. आणि ज्यावर आमचा सगळ्यात जास्त भर आहे, त्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांच्या तीन तपासण्या : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. ल्युपसमध्ये कोरिया झालेल्यांत हे प्रतिपिंड फार मोठ्या प्रमाणात सापडतात, आणि त्यांच्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होतात. हात हलायचे थांबतील, पण गुठळीचा धोका मागे राहतो. या तीन तपासण्यांशिवाय कोरियाची फाईल बंद होऊ देऊ नका.

ताप, जोरदार डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी असेल तर थांबू नका. स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाला मेंदूचा टीबी किंवा दुसरा संसर्ग असू शकतो. तो नाकारल्याशिवाय सगळा दोष ल्युपसवर टाकता येत नाही, त्यासाठी पाठीतलं पाणीही तपासावं लागतं.

प्रश्न : पुतण्या ११ वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी घसा खूप दुखला होता. आता तोंड वेडंवाकडं होतं, हात उडतात, चिडचिड करतो. इंटरनेटवर ल्युपस वाचून घाबरलो आहोत. (मोहोळ तालुका)

या वयात, आणि घशाच्या दुखण्यानंतर, पहिला संशय संधिवाताच्या तापाचा घ्यायचा. त्यातल्या कोरियाला सिडनहॅमचा कोरिया म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस जंतूने घसा बिघडल्यानंतर तो एक ते सहा महिन्यांनी येतो, त्यामुळे तोवर एएसओ ही या जंतूची खूण शोधणारी रक्ततपासणी नॉर्मल झालेली असू शकते. अँटि-डीएनेज-बी ही तपासणी जास्त दिवस वाढलेली राहते, तीही करून घ्या. छातीवर कान लावून काही ऐकू येत नसलं तरी हृदयाची टूडी इको करायचीच, कारण झडपेला झालेली इजा आवाज न करताही असते.

निदान पक्कं झालं तर बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी घ्यावं लागतं. २७ किलोंच्या वर वजन असेल तर १२ लाख युनिट, त्याखाली ६ लाख. हृदय चांगलं असेल तरी निदान पाच वर्षं किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, यातलं जे लांबचं असेल तोवर. झडपेला इजा असेल तर आणखी जास्त काळ. घरं चुकतात ती इथेच : हात थांबले की इंजेक्शनं थांबतात, आणि पुढच्या घसादुखीला झडप जाते. शाळेच्या कॅलेंडरवर तारखा लिहून ठेवा.

ल्युपसची एएनए तपासणी एकदा करून ठेवायला हरकत नाही. वयात आलेल्या मुलीला कोरिया झाला तर ती केलीच पाहिजे, कारण काहींमध्ये कोरिया हेच ल्युपसचं पहिलं लक्षण असतं आणि चट्टे, सांधेदुखी नंतर येतात. घरात यकृताच्या आजाराचा इतिहास असेल तर विल्सनच्या आजारासाठी (शरीरात तांबं साठण्याचा आजार) सेरुलोप्लाझ्मिन तपासणी आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणीही करून घ्या.

प्रश्न : बायकोची ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट तपासणी आधी पॉझिटिव्ह, दुसऱ्या लॅबमध्ये निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात १२ आठवड्यांनी पुन्हा करा. शिवाय व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली म्हणून घरात फार ताण झाला आहे. (जुळे सोलापूर)

शेवटच्या गोष्टीचं उत्तर आधी देतो, कारण तिच्यावर संसार अवलंबून आहे. व्हीडीआरएल ही सिफिलिसची प्राथमिक तपासणी कार्डिओलिपिन वापरूनच केली जाते. ज्यांच्या रक्तात अँटिकार्डिओलिपिन असतं त्यांची ती आजार नसताना पॉझिटिव्ह येऊ शकते. टीपीएचए ही सिफिलिसची नेमकी तपासणी करा. ती निगेटिव्ह आली की सिफिलिसचा विषय संपला, आणि घरात कुणी कुणाकडे संशयाने बघायचं कारण उरत नाही.

आता ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट. ही तपासणी रक्त घेण्यापासूनच बिघडते. रक्त निळ्या टोपणाच्या, ३.२ टक्के सायट्रेट असलेल्या नळीत घेतात आणि नळी खुणेच्या रेषेपर्यंत भरावी लागते : नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. अर्धी नळी भरली तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि रिपोर्ट खोटा येतो. घेतल्यापासून चार तासांच्या आत रक्त दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट जवळजवळ काढून टाकाव्या लागतात, नाहीतर खरा पॉझिटिव्ह असलेला नमुना निगेटिव्ह दिसतो. सोलापुरात घेतलेला नमुना पुण्या-मुंबईला जाणार असेल तर तो आधी प्लाझ्मा वेगळा करून, गोठवून जातो का, हे लॅबवाल्यांना स्पष्ट विचारा. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर कुरिअरच्या पिशवीत पडलेल्या साध्या रक्तावर विश्वास ठेवता येत नाही. हेपॅरिनचं इंजेक्शन किंवा वॉरफॅरिनची गोळी चालू असेल तर तेही अर्जावर लिहा. शक्य असेल तेव्हा ही औषधं सुरू करण्याआधीच नमुना घ्यावा. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन मात्र साध्या सीरमवर होतात, त्यांचं इतकं नाजूक नसतं. दोन्हींचे आयजीजी आणि आयजीएम असे चार आकडे घ्या.

१२ आठवडे थांबायचं कारण असं की साध्या तापाने किंवा संसर्गानेही हे प्रतिपिंड काही दिवस दिसतात आणि जातात. १२ आठवड्यांनंतरही टिकले तरच ते खरे धरतात. आकडा ४० युनिटच्या वर असेल, किंवा तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असतील, तर गुठळीचा धोका सगळ्यात जास्त. एक गोष्ट पुष्कळांना बुचकळ्यात टाकते : यात एपीटीटी ही रक्त गोठण्याची वेळ नळीत लांबलेली दिसते, पण शरीरात रक्त उलट लवकर गोठतं. त्यामुळे ‘एपीटीटी जास्त आहे, रक्त पातळ आहे’ म्हणून कुणी आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन थांबवू नका.

प्रश्न : कोरियासाठी रिस्पेरिडॉन, ल्युपससाठी प्रेडनिसोलोन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, शिवाय अ‍ॅस्पिरिन. इतक्या गोळ्या कशाला? हात थांबले की कोणत्या बंद करायच्या? (बार्शी)

चार औषधांची चार कामं आहेत. रिस्पेरिडॉन किंवा हॅलोपेरिडॉल हालचाल दाबतं, आजाराला हात लावत नाही. ते अर्ध्या मिलिग्रॅमसारख्या छोट्या डोसपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. अंग जड होणं, चेहरा निर्विकार होणं, सारखं येरझाऱ्या घालावंसं वाटणं, मान किंवा डोळे एका बाजूला ओढले जाणं असं दिसलं तर त्याच दिवशी कळवा. टेट्राबेनझिन दिलं असेल तर मनाकडे लक्ष ठेवा. त्याने खोल उदासी येऊ शकते. व्हॅलप्रोएट लग्नाच्या वयाच्या मुलींना आम्ही टाळतो, कारण त्याने गर्भात दोष राहतो. आणखी एक सांभाळायचं : हॅलोपेरिडॉल आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दोन्ही ईसीजीमधलं क्यूटी अंतर वाढवतात, आणि ते फार वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. दोन्ही एकत्र असतील तर सुरू करताना आणि डोस वाढल्यावर ईसीजी काढून घ्या.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ते प्रतिकारशक्तीचा भडका विझवतं. मेंदूचा त्रास जोरात असेल तर आधी मिथाइलप्रेडनिसोलोनचं ५०० ते १००० मिलिग्रॅमचं सलाइन तीन ते पाच दिवस देतात, मग किलोला १ मिलिग्रॅमपर्यंत गोळी, आणि ती हळूहळू उतरवत शक्य तर दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणतात. उतरवणं सोपं जावं म्हणून अझाथायोप्रिनसारखं औषध जोडतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त चाललेलं स्टेरॉइड एकदम सोडलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार नसतं : बीपी पडतं, उलट्या होतात, जीवावर बेततं. गावी लग्नाला किंवा गड्ड्याच्या यात्रेला जाताना गोळ्या घरी विसरणं म्हणूनच धोक्याचं. चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या पर्समध्ये राहू द्या.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हा ल्युपसच्या उपचाराचा पाया आहे आणि बहुतेकांना ते वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. डोस दिवसाला वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे ४५ किलोंच्या बाईला एक २०० मिलिग्रॅमची गोळी, जेवणानंतर. डोळ्यांचा पडदा पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी या डोळ्यांच्या स्कॅनने तपासायचा. मूत्रपिंड कमजोर असेल तर लवकर. ‘डोळे जातात’ असं शेजारी कुणी सांगितलं म्हणून गोळी बंद करणारे रुग्ण पुन्हा भडका घेऊन येतात.

अ‍ॅस्पिरिन ७५ ते १०० मिलिग्रॅम हे अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंड असलेल्यांना गुठळी होऊ नये म्हणून. गुठळी एकदा झाली असेल तर मात्र वॉरफॅरिन लागतं, आणि रक्त किती पातळ झालं हे दाखवणारा आयएनआर २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. ज्यांच्या तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आहेत त्यांनी ‘नवीन, तपासणीची कटकट नसलेली’ रिव्हारॉक्सबॅनसारखी गोळी मागू नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना वॉरफॅरिनपेक्षा तिच्यावर जास्त स्ट्रोक आणि हृदयविकाराचे झटके आले.

हात थांबल्यावर डॉक्टर आधी रिस्पेरिडॉन उतरवतात. कोरिया बहुधा काही आठवडे ते काही महिन्यांत ओसरतो, काहींना पुन्हा येतो. बाकीची तिन्ही औषधं हात थांबले म्हणून बंद करायची नसतात.

प्रश्न : ल्युपस आहे, पण माझे हात नुसते थरथरतात. हाही कोरिया का? (पंढरपूर)

एकाच लयीत थरथरणं म्हणजे कंप, कोरिया नव्हे. प्रेडनिसोलोनचा मोठा डोस, टॅक्रोलिमस, व्हॅलप्रोएट, दम्याचा पंप, वाढलेला थायरॉइड ही त्याची नेहमीची कारणं. अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं पाकीट मात्र नीट वाचा. पुष्कळ कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. त्याने, आणि उलटीच्या मेटोक्लोप्रमाइडने, हात कापणं, अंग ताठ होणं, तोंड आपोआप हलणं असे त्रास होतात. स्टेरॉइडसोबत पोटासाठी म्हणून दिलेली अशी कॅप्सूल महिनोन्महिने चालू राहते आणि दोष ल्युपसला लागतो.

प्रश्न : आई विड्या वळते, भाऊ यंत्रमागावर. दोघांपैकी बहिणीला कुठलं काम देता येईल? तिला ल्युपस आणि कोरिया दोन्ही आहे. (कुंभारी)

हालचाली पूर्ण थांबेपर्यंत यंत्रमागाजवळ तिला उभंही करू नका. उडता धोटा आणि उघडा पट्टा यांच्यापाशी हात अचानक फेकला गेला तर बोटं जातात. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, गॅसजवळची उकळती कढई आणि दुचाकी चालवणं हेही तोवर बंद. विडीच्या कामात सूप मांडीवर घेऊन पान वळणं सध्या जमणार नाही, आणि कात्रीने पान कापणं तर नकोच. जुड्या मोजणं, बांधलेलं रचणं असं काही देता येईल. घरात तंबाखूची धूळ उडते ती खोली वेगळी ठेवा, आणि कुणी विडी ओढत असेल तर बाहेर ओढू द्या. धुराने ल्युपस आणि गुठळी दोन्ही वाढतात.

चहा दांड्याच्या कपात अर्धाच भरा, थोडा निवू द्या. कोरियात घास अडकू शकतो, म्हणून कडक भाकरी आमटीत किंवा दुधात भिजवून द्या, आणि खाताना ताठ बसवा. सारख्या हालचालींनी वजन उतरतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं खायला द्या. स्टेरॉइड चालू असताना मीठ आवरायचं, तेव्हा शेंगाचटणी घरी कमी मिठाची कुटा, पापड-लोणचं बाजूला. अंथरूण जमिनीवर, नखं कापलेली.

उन्हाचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो आणि ऊन हा ल्युपस भडकवणारा मोठा घटक आहे. दहा ते चार बाहेरची कामं नकोत. पूर्ण बाह्या, स्कार्फ, आणि एसपीएफ ३० ते ५० चं सनस्क्रीन : चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. ढगाळ दिवशीसुद्धा.

प्रश्न : सुनेला ल्युपस आहे, लग्नाआधी कोरिया होऊन गेला. मूल होऊ द्यावं का? (अशोक चौक, सोलापूर)

होऊ शकतं, तारीख ठरवून. आजार निदान सहा महिने शांत असावा. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर ते निदान सहा आठवडे आधी थांबवून अझाथायोप्रिनवर जावं लागतं. वॉरफॅरिन पहिल्या तिमाहीत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, गर्भाला घातक असतं, म्हणून दिवस राहताच हेपॅरिनवर यायचं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालूच ठेवायचं. प्रतिपिंड पॉझिटिव्ह असतील तर अ‍ॅस्पिरिन, आणि आधी गर्भपात झाले असतील तर सोबत हेपॅरिनचं इंजेक्शन. अँटि-रो प्रतिपिंड असेल तर १६ ते २६ आठवड्यांत बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. गरोदरपणात कोरिया परत येऊ शकतो, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा.

तोवर पाळणा लांबवायचा असेल तर इस्ट्रोजेन असलेली ‘माला’सारखी गोळी घेऊ नका. तिने गुठळीचा धोका वाढतो आणि कोरियाही उफाळतो. कॉपर-टी किंवा निरोध चालतो.

प्रश्न : गुळवेलीचा काढा प्रतिकारशक्तीसाठी द्यावा का? (सांगोला)

नाही. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती आधीच चवताळलेली असते, तिला आणखी चेतवायची नसते. गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या आहेत.

प्रश्न : रात्री-अपरात्री कधी निघायचं? (अक्कलकोट रोड)

तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं किंवा एका डोळ्याची नजर जाणं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून १०८ ला फोन करा आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. फिट आली, शुद्ध हरपली, ताप आणि मान आखडली, एका पोटरीला सूज येऊन दम लागला, तरीही सकाळची वाट बघू नका. रुग्ण गुंगीत असेल तर पाणी, काढा, गोळी तोंडात काहीही घालू नका.

सोबत घ्यायचं ते एका पिशवीत तयार ठेवा : चालू गोळ्यांची पाकिटं, अँटिफॉस्फोलिपिडचे दोन्ही वेळचे रिपोर्ट, शेवटचा आयएनआर, रेशन कार्ड आणि आधार. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, दाखल झाल्यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला लगेच भेटा, बिल झाल्यावर नव्हे. आणि दारातच सांगा : ‘ल्युपस आहे, स्टेरॉइड चालू आहे, अँटिफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह आहे.’ रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना ही तीन वाक्यं सगळ्यात आधी लागतात.